दुर्बीण माहेरी: पाच इंचांवरून दहा इंचांवर जाण्याचं एक प्रकरण

सरांचा फोन आला तो जून २०२४ मध्ये. पुण्यात पाऊस लागून आठवडा झाला होता. मोठी दुर्बीण घ्यायची हुक्की लोकांना बहुधा पावसाळ्यातच येते. आकाश बंद असतं, तेव्हा दुकानं जास्त दिसतात. "पाच इंची आता पुरत नाही रे. सरळ बारा इंची घ्यावी म्हणतोय. तुझं काय मत?"

मी म्हटलं, "सर, आधी जुनी बघायला येतो."

सर माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतात. मॅडम गणित शिकवतात, मुलगी नववीत. घर कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. दुर्बीण १३० मिलिमीटर (म्हणजे पाच इंची) आरशाची, ६५० मिलिमीटर नाभीय अंतराची न्यूटोनियन, म्हणजे आरशांवर चालणारी; विषुववृत्तीय माउंटवर, म्हणजे ताऱ्यांच्या चालीनं फिरवता येणाऱ्या बैठकीवर बसवलेली. सहा वर्षं वापरलेली, म्हणजे खरं तर पहिलं वर्ष वापरलेली आणि पुढची पाच वर्षं पुसलेली. बजेट एक लाखाच्या आत. तक्रारी सरांनी वहीत लिहूनच ठेवल्या होत्या: गुरूचे पट्टे पुसट दिसतात, दीर्घिका म्हणजे धुराचे ठिपके, शौरीतला एम १३ हा तारकागुच्छ कापसाच्या बोळ्यासारखा, आणि काहीही शोधायला फार वेळ लागतो.

या चार ओळींतल्या किती तक्रारी आरशाच्या आकाराच्या आहेत, हे आधी ठरवायचं होतं.

जुनीचं दुखणं

पहिला घोळ माउंटचा निघाला. विषुववृत्तीय माउंटचा ध्रुवीय अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो आणि ध्रुवतारा क्षितिजापासून तितकाच वर असतो, जितके आपले अक्षांश. पुण्यात ते साडेअठरा अंश. स्वस्तातले छोटे माउंट पस्तीस-चाळीस अंशांपलीकडच्या देशांतलं गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले असतात. आपल्याकडे अक्ष इतका आडवा करावा लागतो की स्क्रू टोकाला पोचतो आणि प्रतिभाराचा (तोल साधणाऱ्या वजनाचा) दांडा फिरताना तिपाईच्या पायावर आपटतो. सरांनी कंटाळून अक्ष तीस अंशांवरच सोडून दिला होता. मग एकच चाक फिरवून भागत नाही, तारा पळणारच. वर न्यूटोनियनची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) नळीच्या कडेला असते. या माउंटवर नळी वळली की नेत्रिका कधी वर, कधी पोटाखाली जाते. मुलगी म्हणाली, "बाबा बघतात, मी फक्त टॉर्च धरते."

दुसरा घोळ आरशांच्या जुळणीचा. फोकसरमधून (नेत्रिका बसवतात त्या नळकांड्यातून) डोकावलं तर मुख्य आरशाचं प्रतिबिंब चक्क एका बाजूला सरकलेलं. जुळणी सहा वर्षांत एकदाही केलेली नव्हती, करायची असते हेच कुणी सांगितलं नव्हतं. एका प्लास्टिकच्या डबीच्या झाकणाला बरोबर मध्ये बारीक भोक पाडलं आणि ते फोकसरवर बसवलं. कागद फायलीला लावताना भोक फाटू नये म्हणून चिकटवतात ती गोल रिंग मुख्य आरशाच्या मधोमध चिकटवली. आरसा काढलाच होता, तर डिस्टिल्ड वॉटरखाली धुऊन उभा करून वाळवला. पुसला नाही, कारण मुलाम्यावर ओरखडे उठतात ते पुसण्यानंच. पुढचं काम मुलीनं केलं. आधी छोटा आरसा, मग मोठ्या आरशामागचे तीन स्क्रू. अर्ध्या तासात रिंग भोकाच्या मधोमध आली.

माउंटला मात्र इलाज नव्हता. तो काढूनच टाकला आणि कोपऱ्यावरच्या सुताराकडून प्लायची एक पेटी करून घेतली. डॉब्सोनियन म्हणतात ती हीच. नळी पेटीत बसते, वर-खाली आणि डावी-उजवीकडे हातानं ढकलायची, बस्स. जॉन डॉब्सन हा माणूस मुळात रसायनशास्त्र शिकलेला. १९४४ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी म्हणून दाखल झाला आणि तिथे जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून आरसे करू लागला. दुर्बिणी घेऊन वस्तीत फिरण्याच्या नादात १९६७ मध्ये मठातून बाहेर पडावं लागलं. पुढच्याच वर्षी त्यानं फुटपाथवर दुर्बिणी लावणाऱ्यांची संघटना उभी केली. रामकृष्ण संघाच्या मठातून निघालेली ही पेटी कोथरूडच्या सुताराकडे पोचायला अर्धशतक लागलं. सुतारानं विचारलं, "कुत्र्यासाठी का?"

ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर गच्चीवरून बघितलं. गुरूवर दोन ठळक पट्टे आणि तिसऱ्याची चाहूल. चार तक्रारींपैकी पहिली आणि शेवटची, दोन्ही काही शे रुपयांत निकालात निघाल्या. सर जरा हिरमुसले. दुरुस्तीनं नव्या खरेदीचं निमित्तच अर्धं खाल्लं होतं.

आठ, दहा की बारा

उरल्या दीर्घिका आणि तारकागुच्छ. इथे आरसा खरोखर लहान पडत होता, पण किती आणि कसा, यात लोक नेहमी फसतात.

मॅडमनी वहीवर गणित मांडलं. प्रकाश आरशाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात गोळा होतो, म्हणून व्यासाचा वर्ग. १३० मिलिमीटरच्या तुलनेत आठ इंची आरसा सुमारे २.४ पट प्रकाश घेतो, दहा इंची ३.८ पट, बारा इंची साडेपाच पट. दृश्यप्रतीच्या (ताऱ्यांच्या तेजाच्या मापाच्या) भाषेत दहा इंची आरसा जवळजवळ दीड प्रत अंधूक तारे दाखवणार. तारकागुच्छ हे ताऱ्यांचेच बनलेले, तेव्हा एम १३ चा कापूस दहा इंचात सुटा होऊन तारे दिसतील, हे नक्की.

दीर्घिकांचं तसं नाही. तारा हा बिंदू, दीर्घिका हा डाग. जुनीचं नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या पाच पट आहे आणि दहा इंची डॉब (डॉब्सोनियन) साधारण १२५० मिलिमीटरची असते, म्हणजे तीही तितकीच, एफ/५. दोन्हींत २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली तर डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाची शलाका दोन्हीकडे पाच मिलिमीटरचीच राहते. जुनीत २६ पट, नवीत ५० पट. देवयानीची दीर्घिका नवीत जवळपास दुप्पट लांब-रुंद दिसेल, पण चौरस इंचाला उजेड तेवढाच. ती उजळ होत नाही, मोठी होते. आणि मोठा झालेला फिका डाग डोळ्याला सहज सापडतो, त्यातले बारकावे दिसतात, एवढाच त्यातला फायदा. फायदा मोठा आहे, पण लोकांना वाटतो तो नव्हे.

यातूनच पुढची गोष्ट येते. दीर्घिकेबरोबर आकाशाचा उजेडही तितकाच मोठा होतो. कोथरूडच्या गच्चीवर दिव्यांनी करडं झालेलं आकाश बारा इंची आरशातही करडंच दिसणार. शहरातून मोठा आरसा ग्रह, जोडतारे आणि तारकागुच्छांना कामी येतो, दीर्घिकांना जवळजवळ नाही. ग्रहांनाही हवा साथ देईल तेव्हाच. दहा इंचाची विभेदनक्षमता, म्हणजे बारकावे सुटे दाखवण्याची ताकद, कागदावर अर्ध्या विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग) आत आहे, पण तापलेल्या गच्च्यांवरची हवा एरवीच एक विकलेपेक्षा जास्त थरथरते.

सर म्हणाले, "म्हणजे दुर्बीण बाहेर न्यायची. वेल्ह्याकडे."

मग वजनाचा प्रश्न आला. बाजारातल्या आठ इंची डॉबची नळी दहा किलोच्या आसपास असते, दहा इंचीची पंधरा, बारा इंचीची वीसच्या पुढे; लांबी आठ आणि दहा इंचाची सव्वा मीटरच्या आसपास, बारा इंचीची दीड. खालची पेटी वेगळी, तीही दहा-पंधरा किलो किंवा जास्त. मी सरांना सतरंजी गुंडाळून सव्वा मीटरची वळकटी करायला लावली, आत पंधरा किलो तांदूळ भरले आणि म्हटलं, "सर, तिसऱ्या मजल्यावरून खाली न्या, परत आणा, आणि हे रात्री एक वाजता जागरण करून आल्यावर करायचंय असं समजा." सर दोनदा करून आले. जिन्याच्या वळणावर वळकटीचं टोक दोन्ही वेळा भिंतीला घासलं. वजनापेक्षा लांबी नडते, हे सरांना तिथे कळलं. बारा इंचाचं नाव त्यानंतर निघालं नाही.

आरसा स्वतः घासण्याचाही विचार झाला. पुण्या-मुंबईत ही परंपरा आहे. कार्बोरंडमच्या वाढत्या बारीक पुडीनं काच काचेवर घासायची, मग डांबराच्या थरावर सेरियम ऑक्साइडनं पॉलिश, शेवटी अॅल्युमिनियमचा मुलामा. पृष्ठभाग मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कितीतरी बारीक हिशेबात बरोबर यावा लागतो. सहा इंचापासून सुरुवात केलेली बरी. सरांना दहावीच्या पेपरतपासणीतून तेवढे महिने निघणार नव्हते.

माझं मत आठ इंचाला होतं. तिसरा मजला, एक छोटी गाडी, वर्षाला फार तर दहा रात्री. आठ इंची घ्या, नेहमी वापरली जाईल. आजही या माहितीवर मी हेच सांगेन. पण माझ्याकडे माहिती अपुरी होती.

मॅडमचा तोडगा

मॅडम इतका वेळ गणितच करत होत्या. वही मिटून म्हणाल्या, "वर-खाली न्यायचीच कशाला? माझ्या माहेरी ठेवू या की."

मॅडमचं माहेर वेल्हे (आता राजगड) तालुक्यातलं, तोरण्याच्या बाजूचं एक गाव. पुण्यापासून साठेक किलोमीटर. घरामागे खळं आहे, सपाट, सारवलेलं, तिन्ही बाजूंनी मोकळं. पुण्याचा उजेड ईशान्येला क्षितिजालगत दिसतो, दक्षिण आणि पश्चिम काळी कुळकुळीत. सर आकाश बघायला जातच होते तिकडे, पण मुक्कामाला सासुरवाडी आणि दुर्बीण गाडीच्या डिकीत, असा प्रकार होता. आता डिकीचा संबंधच उरला नाही. जिना गेला, गाडी गेली, वजनाचा मुद्दा माजघरापासून खळ्यापर्यंतच्या तीस पावलांवर आला. दुर्बिणीचा पत्ता बदलला आणि तिचं योग्य माप बदललं. मी इतक्या लोकांना सल्ले दिले, "दुर्बीण राहणार कुठे?" हा प्रश्न पहिला विचारायला हवा हे मला कधी सुचलं नव्हतं. मी आपला "किती उचलाल?" विचारत बसायचो.

दहा इंची मिळाली तीही वापरलेली, मुंबईच्या एका हौशी माणसाकडून. घर बदलताना त्यांच्या नव्या लिफ्टमध्ये ती बसेना. घेताना टॉर्च आरशाच्या मागून आणि कडेनं मारून बघितली. मुलाम्याला दोन-तीन टाचणीएवढी भोकं होती, त्यांनी काही बिघडत नाही. बुरशीचे डाग असते तर घेतली नसती. मुंबईच्या दमट हवेत ती भीती खरी असते.

गावी पोचली तेव्हा सासरेबुवांनी नळीकडे बघून विचारलं, "जावईबापू, तोफ गडावर चढवायची का?"

कार्तिक अमावस्या

नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस, कार्तिक अमावस्येच्या आदल्या रात्री पहिलं दर्शन झालं. थंडी चांगलीच होती.

आधी फजिती. नळी दिवसभर पत्र्याच्या खोलीत होती, आरसा तापलेला. संध्याकाळी शनीला लावली तर ग्रह तव्यावरच्या वाफेतून बघावा तसा हलत होता. कडी त्या वर्षी मुळातच कडेनं दिसत होती, मार्च २०२५ मध्ये तर ती पूर्ण रेषेवर येणार होती. त्या बारीक पट्टीचा तो थरथराट बघून सरांचा चेहरा पडला. आरसा म्हणजे साडेतीन-चार किलोची काच. ती हवेइतकी गार होईपर्यंत तिच्यावरून ऊन हवा वर चढत राहते. दीड तास गेला. पुढच्या खेपेला आरशामागे कॉम्प्युटरचा बारा व्होल्टचा पंखा बसवला आणि नळी ऊन उतरताच खळ्यावर नेऊन ठेवायची शिस्त लावली. तेव्हापासून अर्ध्या तासात काम होतं.

साडेआठला देवयानीची दीर्घिका. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही अर्धीच दिसतेय." बरोबर होतं. ही दीर्घिका आकाशात तीन अंशांपर्यंत पसरलेली. जुनीत त्याच नेत्रिकेतून दोन अंशांचं क्षेत्र दिसायचं, नवीत एकच अंश. मोठ्या दुर्बिणीत आपण काय गमावतो, हे विकणारा सांगत नाही. कृत्तिका जुनीत अख्ख्या मावतात, नवीत कडेचे तारे बाहेर राहतात. दोन इंची, ३० मिलिमीटरची नेत्रिका लावल्यावर दीडेक अंश मिळाला आणि कृत्तिका कशाबशा बसल्या. पण देवयानीच्या गाभ्याशेजारी धुळीचा काळा पट्टा दिसला, तो जुनीत कधीच दिसला नव्हता. शिल्पी तारकासमूहातली एनजीसी २५३ ही लांबट दीर्घिका दक्षिणेला चांगली पंचेचाळीस अंशांवर होती, ठिपक्याठिपक्यांची, खरबरीत. युरोपातल्या निरीक्षकांना ती क्षितिजाशी घासताना मिळते.

रात्री मृग वर आल्यावर त्यातला तेजोमेघ, एम ४२. पाच इंचीत मधल्या चौकडीतले चार तारे दिसतात. दहा इंचीत १२५ पटीवर हवा क्षणभर स्थिरावली आणि मुलगी म्हणाली, "पाचवा आहे. नाही, सहा आहेत!" तिनं ते न सांगता पकडले, म्हणून मी खरे मानतो. तेजोमेघाला हिरवट छटा होती. आजीनं बघितलं आणि विचारलं, "हे आत कुणी काढलंय?"

पहाटेचं सांगायचं राहिलं. ते फेब्रुवारीअखेरच्या अमावस्येला, तीनच्या सुमारास. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी पुण्याच्या अक्षांशावरून चोवीस अंश वर येतो. जुनीत तो नुसता विस्तवावर फुंकर मारल्यासारखा धूसर होता. नवीत तो मधोमधपर्यंत फुटला, ज्वारीची रास ओतावी तसा. सरांच्या वहीतली ती कापसाची तक्रार तिथे संपली. एम १३ ची वाट बघायची गरजही उरली नाही.

डोक्यावरचं भोक

एक गोष्ट मात्र आम्ही कुणीच हिशेबात धरली नव्हती, आणि ती आपल्या अक्षांशाचीच होती.

डॉब्सोनियनला थेट डोक्यावर बघणं जमत नाही. नळी उभी झाली की डावी-उजवीकडे ढकलण्याला अर्थ राहत नाही. खमध्याजवळचा, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूजवळचा तारा जरासा सरकला तरी पेटी अर्धा फेरा फिरवावी लागते. परदेशातल्या पुस्तकांत हे एका ओळीत उरकलेलं असतं, कारण तिथे ग्रह डोक्यावर येतच नाहीत. पुण्यात? पुष्य नक्षत्रातला एम ४४ तारकागुच्छ खमध्यापासून जेमतेम एक अंशावरून जातो. खेकडा तेजोमेघ एम १ साडेतीन अंशांवरून, कृत्तिका पाच-सहा अंशांवरून. आणि त्या हिवाळ्यात गुरू वृषभेत होता, ७ डिसेंबर २०२४ ला प्रतियुतीत (सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला), मध्यरात्री सरळ टाळूवर. जानेवारीत प्रतियुतीत आलेला मंगळही तिथेच. म्हणजे ज्या वेळी ग्रह सगळ्यात स्वच्छ हवेतून दिसतो, नेमकी तीच वेळ डॉबच्या भोकात पडते. विषुववृत्तीय माउंट साडेअठरा अंशांना रडतो आणि डॉबही साडेअठरा अंशांनाच.

उपाय साधा निघाला, पण वेळापत्रक बदलावं लागलं. ग्रह खमध्यावर यायच्या दोन तास आधी किंवा नंतर बघायचा. तेव्हा तो साठ-बासष्ट अंशांवर असतो, हवाही बरी आणि नळीही वळते. खमध्यावर असताना चहा.

बाकीच्या खोडी किरकोळ. जड नेत्रिका लावून नळी दक्षिणेला खाली नेली की तोंड आपसूक झुकतं, म्हणून मागच्या बाजूला चुंबकावर वजनं चिकटवली. दवानं छोटा आरसा पहाटे धुकायचा, त्याला पुठ्ठ्याची लांब कॉलर केली. पेटीच्या भुसाबोर्डाच्या कडा दवानं फुगायला लागल्या, तेव्हा वार्निश मारलं. डिसेंबरअखेरची अमावस्या ढगांत गेली, तिला काही उपाय नाही.

वहीतला हिशेब असा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत दहा इंची सात रात्री वापरली गेली. गच्चीवरची पाच इंची एकतीस संध्याकाळी. जुनी विकून टाकायचा बेत सरांनी केला होता आणि मी त्याला मान डोलावली होती. मुलीनं नकार दिला म्हणून ती राहिली. विकली असती तर सरांच्या घरात महिन्याला दोन रात्री आकाश दिसलं असतं आणि उरलेल्या अठ्ठावीस रात्री दुर्बिणीचे फोटो.

पुण्यात मोठा आरसा नवा नाही. १८८८ मध्ये सायन्स कॉलेजात कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली, तिथली वीस इंची परावर्तक दुर्बीण तेव्हा देशातली सगळ्यात मोठी. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. सरांनी हे वाचल्यावर मुलीला पेटी, नळी, जुळणी सगळं एकटीनं करायला लावलं. आता ती करते. सर टॉर्च धरतात.

पावसाळ्याची सोय

वेल्ह्याचा पाऊस म्हणजे चार महिने भिंतींना पाझर. आरसा तिथे ठेवला असता तर मुलाम्यावर बुरशी धरलीच असती. दहा इंची दुर्बीण पुण्याला आणायची तर पुन्हा जिना, पुन्हा वळण. पण दमट हवेचा धोका नळीला नाही, आरशाला आहे. मे २०२५ च्या अखेरीस मागचे स्क्रू काढून आरसा त्याच्या बैठकीसकट बाहेर घेतला, छोटा आरसाही काढला. नळीची दोन्ही तोंडं जुन्या धोतरानं बांधली आणि ती माळ्यावर चढवली. आरसा सुती कापडात गुंडाळून मोठ्या स्टीलच्या डब्यात, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या. निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर शेकून परत आत टाकायच्या.

डबा मांडीवर घेऊन मॅडम गाडीत पुढे बसल्या होत्या. दसऱ्याला तो परत जायचा होता. त्यांच्या आईनं दारात हळदकुंकू लावताना आधी लेकीला लावलं, मग डब्याच्या झाकणालाही बोट टेकवलं.